खालून पाहिलेली परांची

बायकोला हे माहीत नाही. मुलाला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. एकदा कामोठ्याच्या बागेत, बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांना सांगून टाकावं असं फार मनात आलं होतं — पण त्यांनी आधीच स्वतःच्या पोटाच्या तक्रारी सुरू केल्या आणि माझी गोष्ट राहून गेली. तेव्हा आज तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. आणि मध्येच उठून स्वतःचं पोट सांगणार नाही, हे दुसरं.

आधी एक विचारू? माणूस खोटं बोलतो ते नेमकं कधी? तोंडातून शब्द निघतो तेव्हा — की त्याच्या कितीतरी आधी, जेव्हा लोक त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलतात आणि तो नुसता गप्प राहतो तेव्हा? मला याचं खरंच कुतूहल आहे. इतकी वर्षं मी हा प्रश्न खिशातल्या सुट्या नाण्यासारखा चाळवत आलोय. उत्तर सापडलं असतं तर कदाचित हे लिहिलंच नसतं.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. खारघरमध्ये, ओवे गावाच्या बाजूला जे टॉवर उभे राहतायत, तसल्या साइटवर माझं आयुष्य गेलं. इमारत बांधली जात असते तेव्हा तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा दिसतो ना — परांची — तिच्यावरच्या फळ्या घट्ट बांधल्यात की नाहीत, कठडा आहे की नाही, हे वर जाऊन बघायचं आणि सगळं ठीक असलं की खाली शिडीपाशी हिरवी पाटी लटकवायची. हिरवी पाटी नसेल तर कुणी चढायचं नाही. साधं काम आहे. फक्त वर जावं लागतं.

आणि मला उंचीची भीती वाटते.

हसलात? हसा. मीही हसलो असतो. गंमत म्हणजे मला हे ठाऊकच नव्हतं. आमचं घर बैठं, शाळा बैठी, डिप्लोमाला 'उंचीवरील काम' या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क. पहिल्या नोकरीत पहिल्यांदा परांचीवर चढलो, आणि तिसऱ्या मजल्याच्या आसपास फळ्यांच्या फटीतून खालची काँक्रीटची गाडी दिसली. त्यानंतरचं नीट आठवत नाही. एका पाइपाला मिठी मारली होती आणि तो उन्हाने तापलेला होता, एवढं आठवतं. उतरलो कसा देव जाणे. खाली ठेकेदार चहाचा ग्लास घेऊन उभा होता. पाहिलंत ना साहेब, म्हणाला. मी म्हणालो — पाहिलं.

नोकरी सोडायला हवी होती, नाही का? किंवा निदान कुणाला तरी सांगायला हवं होतं. मी दुर्बीण विकत घेतली.

दुर्बिणीची कमाल ऐका. साइटवर गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणारा माणूस मूर्ख दिसेल अशी माझी कल्पना होती. झालं उलटंच. लोक मला मानायला लागले. मी खाली वाळूच्या ढिगापाशी उभा राहून वर बघायचो आणि म्हणायचो, नवव्या मजल्यावर कोपऱ्यातला क्लँप सैल आहे — आणि तो खरंच सैल निघायचा. खोटं नाही सांगत, मला बरंच दिसायचं. भीती माणसाची नजर तीक्ष्ण करते म्हणतात, तसं असेल. हळूहळू नाव झालं. साहेबांना खालूनच कळतं, असं गवंडी आपसांत बोलायचे. मग कुणीतरी पुढचं पसरवलं — साहेब पहाटे, कामगार यायच्या आधी, एकटेच वर जाऊन सगळं हाताने तपासून येतात. दिवसा दुर्बीण घेऊन नुसती उजळणी करतात. हे मी पसरवलं नाही, बरं का. मी फक्त नाकारलं नाही. पण झाकली मूठ झाकलेली ठेवणं हीसुद्धा एक मेहनतच असते, हे मला तेव्हा कळायला लागलं. पहाटे लवकर साइटवर जाऊन मी शिडीखाली बसून राहायचो, म्हणजे येणाऱ्यांना मी नुकताच उतरलोय असं वाटावं.

आणखी एक गोष्ट घडली. तिचं मला आजही नवल वाटतं. मी चुका काढायचो त्या अर्थातच खालून दिसणाऱ्या. त्यामुळे कुणी न ठरवता, न बोलता, परांचीची खालची बाजू नेटकी होत गेली. फळ्या खालून एका रेषेत, तारांचे वेढे खालून मोजून मारल्यासारखे. बाहेरचे सरकारी इन्स्पेक्टर यायचे तेही मान वर करून खूश व्हायचे. वरची बाजू? ती साहेब पहाटे बघून येतात ना! सगळी साइट माझ्या भीतीच्या मापाने बांधली जात होती आणि एकालाही ते माहीत नव्हतं.

आता तारेचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. फळी पाइपाला तारेने बांधतात. वेढा फळीच्या खालून पाइपाभोवती जातो, आणि वर आणून लोखंडी आकड्याने पीळ देऊन आवळतात. खालून दिसतो तो वेढा. पीळ वर असतो. तो आवळलाय की नुसताच दुमडून ठेवलाय, ते कितीही भारी दुर्बीण लावा, खालून दिसत नाही. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बघा, मी अजून मुद्द्याभोवती फिरतोय. बाळारामचं नाव घ्यायला जीभ जड होते.

बाळाराम ओव्याचा. सेंटरिंगचा ठेकेदार — म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी प्लेटा, फळ्या आणि टेकू लावून जो साचा उभा करतात, ते काम त्याचं. इतर ठेकेदार गाडीत बसून फोनवर ओरडायचे. हा स्वतः आकडा कमरेला खोचून पोरांच्या पुढे चढायचा. माझ्याहून थोडा मोठा, पण मला कायम साहेबच म्हणायचा आणि मी त्याला दादा म्हटलं की लाजायचा. डब्यात सुकटीची चटणी आणली की पहिला घास माझ्या पानात. त्याचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो साधासुधा नव्हता. नव्या कामगारांना माझ्यासमोर उभं करून तो सांगायचा, "सायेब वर फिरून आयले ना, मंग डोले झाकून चढा." मला ते ऐकून बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. भीती वाटायला हवी होती, ती वाटायची नाही.

त्या सकाळी मी नेहमीसारखं खालून पाहिलं. वेढे एका रेषेत होते. परांची बांधणारी टोळी आदल्या दिवशीच काम उरकून दुसऱ्या साइटवर गेली होती. मी हिरवी पाटी लटकवली. बाळाराम बाहेरच्या भिंतीच्या प्लेटा काढायला चढला, एकटाच. पोरं आत स्लॅबवर होती. सुरक्षेचा पट्टा त्याच्या कमरेला होता. पट्ट्याचा हूक एका पाइपावरून काढून पुढच्या पाइपावर लावायचा, त्या मधल्या क्षणात त्याच्या पायाखालची फळी एका बाजूने उचलली गेली. तो दोन मजले खालच्या सज्ज्यावर पडला. खुबा मोडला, डावं मनगट मोडलं. जीव वाचला. मी कुठे होतो? खाली. मी नेहमी खालीच असतो.

फळीची तार सापडली. तुटलेली नव्हती, सुटलेली होती. म्हणजे दोनच शक्यता. एक तर बांधणाऱ्यांनी वर पीळ दिलाच नव्हता आणि तार आदल्या दिवसापासून नुसती दुमडलेली होती. नाहीतर ती नंतर कुणीतरी सोडली. आणि नंतर वर एकच माणूस गेला होता.

साइट ऑफिसात मॅनेजरांनी मला बोलावलं. त्यांनी आवाजही चढवला नाही. नुसतं विचारलं, सकाळी वर जाऊन पाहिलं होतंस ना? मी म्हणालो, हो. इथे थांबता आलं असतं. पण मी पुढे म्हणालो, "प्रत्येक तार हाताने ओढून पाहिली. ती फळी घट्ट होती."

हाताने ओढून! हे कुणी विचारलं होतं का? माझं मलाच आश्चर्य वाटतं. घाबरलेला माणूस थोडकं खोटं बोलून निसटेल असं आपल्याला वाटतं. पण तो पंगतीला वाढावं तसं वाढत सुटतो. मॅनेजरांनी मान हलवली. दवाखान्याचं सगळं कंपनीने केलं, त्यात कसूर केली नाही. आणि निष्कर्ष निघाला — कामगाराने स्वतः बांधणी सोडल्यामुळे अपघात. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. तरीही, मी मॅनेजरांना जे बोललो तो माझा गुन्हा म्हणून मी सांगत नाहीये. तो भित्र्या माणसाचा होता, आणि भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत. माझा गुन्हा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. पनवेलला, एस.टी. स्टँडच्या पलीकडे. बाळारामचा पाय वजन लावून वर टांगलेला. लीलावहिनी, त्याची बायको, उशाशी बसलेल्या. त्याने मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे — "सायेब, मी तारेला हात नाय लावला. आयशपत." डोळे अगदी स्वच्छ होते त्याचे. त्याला पक्कं आठवत होतं. मग त्याने विचारलं, तुम्ही सकाळी पाहिली होती ना ती? आवळलेली होती?

लक्षात घ्या — तो मला पकडत नव्हता. त्याच्या मनात तसलं काही आलंच नव्हतं. कोडं सोडवताना आपण शेजारच्याला विचारतो, तसा विचारत होता. खोलीत मॅनेजर नव्हते, कागद नव्हते, नोकरीचा प्रश्न नव्हता. वहिनी मोसंबी सोलत होत्या. 'मी वर गेलोच नव्हतो' एवढं म्हणायला किती लागतं?

मी म्हणालो, हो, आवळलेली होती.

माझ्याकडे बघितलं नाही त्याने. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागला — चादरीवर पडलेल्या, धडधाकट हाताकडे. असा, की जणू तो दुसऱ्या कुणाचा हात चुकून त्याच्या अंथरुणात आलाय.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो म्हणाला, "मंग मीच सोडली आसंल." आसंल! शब्द बघा. त्यानंतरच्या खेपेला 'असेल' गेलं. तार पायाला टोचत होती, म्हणून सोडली, असं त्याला आठवायला लागलं होतं. मग डिस्चार्ज मिळाला, तो ओव्याला घरी आला, मी जात राहिलो — आणि दर खेपेला त्याला थोडं जास्त आठवत गेलं. आकडा कुठल्या हातात होता ते. सोडताना तार अंगठ्याला लागली ते. त्याने मला अंगठ्यावरचा व्रणही दाखवला. जुना व्रण होता तो. सेंटरिंग करणाऱ्याच्या हातावर असे किती असतात. पण त्याने तो मला दाखवला आणि मी वाकून, नीट, चष्मा वर करून पाहिला.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. त्या भेटींमध्ये मला लाज वाटत होती, हो. पण लाजेहून जास्त कुतूहल वाटत होतं. माझ्या एका शब्दातून एका माणसाच्या डोक्यात एक आख्खी सकाळ उगवत होती, ती कशी वाढते हे बघायला मी जात होतो. आज काय नवीन आठवलं असेल? — रिक्षात बसताना माझ्या मनात हा विचार असायचा. लोक म्हणायचे, साहेब किती माणुसकीने भेटायला जातात.

तो म्हणतो तसं झालंही असेल, असं तुम्ही मला सुचवाल. खरंच सोडली असेल त्याने तार. मलाही हे सुचलंय, रात्रंदिवस सुचलंय. उत्तर असं की मला माहीत नाही, कुणालाच कधी कळणार नाही. आणि ते माहीत असणं हेच माझं काम होतं. त्याला फक्त एक माणूस सांगू शकत होता की बाबा, तुझ्या आठवणीवर शंका घ्यायचं काही कारण नाही. तो माणूस त्याच्या पलंगाशी बसून मोसंबी खात होता.

बाळाराम काठीवर चालायला लागला. सेंटरिंगचं काम पुतण्याने घेतलं. कंपनीला पुढे कल्पना सुचली की सुरक्षा सप्ताहात त्याला बोलवावं, कामगारांना चार शब्द सांगायला. कल्पना कुणाची? माझी नव्हती. पण फोन मी केला. तो आला, धुतलेला पांढरा सदरा घालून. शंभरेक लोकांपुढे त्याने सांगितलं की आळसापायी मी तार सोडली, माझी चूक, तुम्ही करू नका. आता तो दर वर्षी येतो. शाल-नारळ देतो आम्ही. त्याचं बोलणं ऐकल्यावर लोक खरोखर तारा आवळून बांधतात, हे मी स्वतः पाहिलंय — खालून नव्हे, दुसऱ्यांना वर पाठवून. अपघातानंतर मी गुडघेदुखीचं निमित्त काढलं आणि एका तरुण इंजिनीयरला वर पाठवायला लागलो. म्हणजे गुडघेही खोटेच. बायको अजून विचारते की सगळं जग वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतं, आपणच का पहिल्या मजल्यावर डास मारत बसलो.

तो दर वर्षी माणसांनी भरलेल्या मंडपात उभा राहून, न केलेल्या — किंवा कोण जाणे, केलेल्या — चुकीची कबुली देतो. पहिल्या रांगेत मी बसलेला असतो. टाळ्या मीच आधी वाजवतो.

त्याच्या घरात काय झालं, ते मला लीलावहिनींकडून कळत गेलं. तक्रार म्हणून नाही, सहज. पूर्वी घरातली प्रत्येक गाठ हाच बांधायचा, गणपतीचं मखर तर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आता खुर्चीवर बसून बघतो. सुतळी मागितली तरी उचलून देत नाही. गॅस बंद केला की वहिनींना म्हणतो, तू बघ. कुलूप लावलं की म्हणतो, तू ओढून बघ. खुबा जुळला, मनगट जुळलं, डॉक्टर म्हणाले काही अडचण नाही. मी तिथे बसून चहा प्यायचो आणि म्हणायचो, होईल हळूहळू.

गेल्या हिवाळ्यात त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. मी बघायला गेलो, दुपारी, एक झबलं घेऊन. ओटीवर ऊन आलं होतं. बाळाराम खुर्चीवर, काठी भिंतीला टेकवलेली. त्याची मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिने सरळ बापापुढे धरलं — बाबा, घ्या ना हिला आता. गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं. बाळारामचे दोन्ही हात पाठीमागे गेले. चटकन, लहान मूल काहीतरी लपवतं तसे. वहिनी आतून म्हणाल्या की जन्मल्यापासून एकदाही घेतलं नाहीये नातीला, नुसता लांबून बघतो. मुलीचे हात तसेच पुढे होते. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. बाळारामलाही दिसले. तो हसायचा प्रयत्न करत होता.

माझ्या तोंडात ते वाक्य होतं. दवाखान्यात होतं तेच. एकदा बोललो असतो तर त्या माणसाचे हात पुढे आले असते — हे मला त्या क्षणी जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुर्बिणीतूनही कधी काही दिसलं नाही. मी तोंड उघडलंसुद्धा.

"नको ग," तो मुलीला म्हणाला, "माज्या हातांचा भरवसा नाय. सायेबांकरं दे. त्यांचं हात पक्कं."

तिने बाळ माझ्याकडे वळवलं. मी हात पुढे केले आणि घेतलं. गरम होतं ते, आणि वाटलं होतं त्याहून जड. बाळाराम खुर्चीतून पुढे वाकला, हात अजून पाठीमागेच, आणि मानेखाली हात कसा धरायचा ते मला सांगायला लागला. मी तसा धरला.